वजन कमी करण्याचं औषध चालू असताना आहाराची वही कशी लिहावी

औषध सुरू होऊन तिसरा आठवडा चालू होता. रात्री वही उघडली आणि 'दुपार' या शब्दापुढे काय लिहायचं ते आठवेना. आठवणार कुठून, दुपारी काही खाल्लंच नव्हतं. भूक लागली नाही, काम चालू राहिलं, मधे अर्धा कप कॉफी झाली आणि दिवस सरला. मागची पानं उलटली तर त्या आठवड्यात असे चार दिवस निघाले. काटा खाली जात होता म्हणून मी खुशीत होते, आणि जिना चढताना पाय का भरून येतात हे मात्र कळत नव्हतं. उत्तर त्या चार कोऱ्या ओळींत होतं.

आहाराची वही म्हटलं की डोळ्यांसमोर हिशेब तपासणारा मास्तर येतो. किती जास्त खाल्लं, कुठे घसरलो, कोणत्या दिवशी मोह आवरला नाही. औषध नसताना ती तपासणी कामाची असते. पण सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड, लिराग्लुटाइड यांपैकी काही सुरू झालं की प्रश्न उलटा होतो. जास्त खाण्याला औषधच लगाम घालतं. वहीने पाहायचं ते काय खायचं राहून गेलं: प्रथिनं राहिली का, पाणी राहिलं का, अन्नातले तंतू (फायबर) राहिले का. एरवी शरीर आतून आठवण करून देतं. आता ती हाक बारीक झालेली असते, म्हणून आठवण कागदावर ठेवायची.

औषध घ्यावं का, कोणतं, डोस कधी वाढवावा, हे सगळं तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. त्यांना ठरवायला सोपं जाईल अशी वही कशी ठेवायची, एवढंच इथे सांगते.

वही लिहिण्याआधी एवढं माहीत हवं

जेवल्यावर आपल्या आतड्यांतून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. पोट भरल्याची वर्दी ते मेंदूला देतं आणि जठर सावकाश रिकामं व्हायला लावतं. वर नाव घेतलेली तिन्ही औषधं याच संप्रेरकाची नक्कल करतात, पण शरीरात जास्त वेळ टिकतात. शरीरातलं मूळ जीएलपी-१ दोनतीन मिनिटांतच निम्मं होतं. सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला साधारण एक आठवडा लागतो, टिर्झेपॅटाइडला साधारण पाच दिवस. म्हणून ही इंजेक्शनं आठवड्यातून एकदाच घेतात, आणि लिराग्लुटाइड रोज घ्यावं लागतं.

वहीच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. साप्ताहिक इंजेक्शन घेणाऱ्याचा आठवडा सोमवारी सुरू होत नाही, इंजेक्शनच्या दिवशी होतो. आणि जठर सावकाश चालत असल्यामुळे आत्ता होणाऱ्या त्रासाचं कारण आत्ताच्या घासात असेलच असं नाही. ते काल रात्रीच्या ताटातही असू शकतं. हे दुसरं लक्षात न घेता लिहिलेल्या वह्या चुकीचे निष्कर्ष काढतात. माझ्या वहीनेही काढला होता, तो किस्सा पुढे येईल.

लिहिण्याचा खरंच उपयोग होतो का? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळजवळ १,७०० लोकांपैकी रोज नोंद ठेवणाऱ्यांचं वजन, अजिबात नोंद न ठेवणाऱ्यांपेक्षा साधारण दुप्पट उतरलं होतं. तिथे ही औषधं नव्हती, त्यामुळे तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. मला जास्त बोलका वाटतो तो १९९२ सालचा एक छोटा अभ्यास. 'आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या लोकांचं खाणं मोजलं तेव्हा ते सांगत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त निघालं. सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं जात होतं. ती माणसं खोटारडी नव्हती. खाण्याची आठवणच अशी फसवी असते. औषधावर असताना ती उलट्या बाजूनेही फसवते. 'खातेय की मी नीट' असं वाटतं, आणि वही उघडली की निम्मंही खाल्लेलं नसतं.

वही की ॲप

माझं मत स्पष्ट आहे: पहिला महिना कागद. बहुतेक ॲप कॅलरी मोजण्यासाठी बनलेली असतात आणि कमी खाल्लं की शाबासकी देतात. दिवसभरात जेमतेम ६०० कॅलरी पोटात गेल्या तरी हिरवी खूण येऊ शकते. आपल्याला नेमका तोच दिवस लाल हवा असतो. शिवाय मळमळ, शौच, इंजेक्शनचा दिवस यांना बऱ्याच ॲपमध्ये जागा नसते. प्रथिनांची बेरीज मात्र ॲप झटपट करून देतं. तेवढ्यापुरतं ते वापरा, आकडा कागदावर उतरवा.

वेळेची भीती बाळगू नका. २०१९ सालच्या एका अभ्यासात लोक पहिल्या महिन्यात नोंदींवर दिवसाला साधारण २३ मिनिटं घालवत होते आणि सहाव्या महिन्यात १५ मिनिटांच्या आत आले. खाली दिलेली पद्धत त्याहूनही कमी वेळ घेते, कारण कॅलरी मोजायच्याच नाहीत.

पहिलं पान

पहिल्या पानावर औषधाचं नाव, सध्याचा डोस मिलिग्रॅममध्ये आणि तो सुरू केल्याची तारीख लिहा. इंजेक्शनचा वार, सुरुवातीचं वजन, कमरेचा घेर. मग बाकीच्या सगळ्या औषधांची यादी, आणि त्यात इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर त्याखाली जाड रेघ. खाणं कमी झाल्यावर त्यांचा डोस जड पडू शकतो आणि साखर एकदम खाली येऊ शकते. हे पान मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवावं.

औषध अजून सुरू झालं नसेल तर एक आठवडा आधीपासूनच वही लिहायला घ्या. नेहमीचं खाणं, नेहमीची भूक, शौचाची नेहमीची वेळ. हा आठवडा पुन्हा मिळत नाही. पुढे 'बद्धकोष्ठता औषधामुळे झाली की आधीपासून होती' असा प्रश्न येतो तेव्हा याच सात पानांवरून उत्तर मिळतं. मी हे केलं नव्हतं, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर गप्प बसावं लागलं.

रोजचं पान कसं आखायचं

पानाच्या डोक्यावर तारखेच्या शेजारी इंजेक्शनपासूनचा दिवस लिहा. ज्या दिवशी सुई घेतली तो इ१, दुसरा इ२, असं इ७ पर्यंत. एवढीशी खूण, पण महिन्याभराने सगळे इ२ आणि इ३ शेजारी ठेवून बघितलं की औषधाची लय दिसते. कुणाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अन्न नकोसं होतं, कुणाची भूक सहाव्या-सातव्या दिवशी डोकं वर काढते. तारखांच्या रांगेत हे सापडत नाही.

खाण्याच्या प्रत्येक नोंदीत वेळ, काय आणि किती पोटात गेलं, खाण्याआधीची भूक, खाल्ल्यावर पोट किती भरलं, आणि अंदाजे प्रथिनं, ग्रॅममध्ये. भूक ० ते १० मध्ये: ० म्हणजे भुकेचं नाव नाही, १० म्हणजे हात थरथरतायत. भरल्याचाही आकडा तसाच. पानाच्या तळाशी पाणी, शौच, हालचाल, झोप, आणि त्रास झाला असेल तर तो किती वाजता.

आणखी एक आकडा मी हौसेने लिहायला लागले आणि तोच सगळ्यांत कामाचा निघाला: दिवसभर डोक्यात खाण्याचे विचार किती घोळले. याला हल्ली 'फूड नॉइज' म्हणतात. औषध लागू पडतंय का हे वजनाच्या काट्याआधी इथे कळतं.

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते. इ३, डोस ०.५ मिलिग्रॅम.

सकाळी ७.४०. उकडलेलं अंडं १, टोस्ट अर्धा. भूक ३, नंतर ६. प्रथिनं ८.
११.००. कॉफी अर्धा कप, दूध घालून. भूक २. प्रथिनं २.
दुपारी १.३०. भात ४ चमचे, चिकन ४० ग्रॅम, भाजी तशीच राहिली. भूक २, नंतर ८. पाचव्या घासाला दडपलं. प्रथिनं १३.
संध्याकाळी ६.१५. दही १५० ग्रॅम, केळं अर्धं. भूक ३, नंतर ६. प्रथिनं ६.
रात्री ८.३०. भाज्यांचं सूप १ वाटी. भूक १, नंतर ७. प्रथिनं ३.
पाणी १.१ लिटर. शौच नाही, दुसरा दिवस. चालणं २० मिनिटं. झोप ६ तास. मळमळ १, रात्री ९ ला. फूड नॉइज २.

वरवर पाहिलं तर किती शहाण्यासारखं खाणं! तळलेलं नाही, गोड नाही, पाच वेळा थोडंथोडं. पण प्रथिनांची बेरीज ३२ येते, आणि मला सांगितलेला आकडा होता ८४. शौच का झालं नाही, तेही पानावरच लिहिलंय: भाजी ताटात राहिली आणि पाणी जेमतेम एक लिटर.

लिहायचं कधी आणि काय

ताट उचलायच्या आधी. रात्री बसून आठवणीने लिहिलेलं पान निम्मं कल्पनेतून आलेलं असतं.

आणि वाढलेलं लिहायचं नाही, पोटात गेलेलं लिहायचं. औषध नसताना या दोन्हींत फारसा फरक नसतो. औषधावर अर्धं ताट तसंच राहतं. मी जेवायला बसण्याआधी ताटाचा फोटो काढते आणि उठताना दुसरा. लिहायला वेळ नसेल तर दोन फोटोंवरून तासाभराने लिहिता येतं. पहिले दोन आठवडे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून घ्या, नंतर डोळ्यांना अंदाज बसतो. कायम काटा घेऊन जेवायला बसू नका, त्याने जेवणाची मजा जाते आणि घरचे वैतागतात ते वेगळंच.

चव घेताना तोंडात टाकलेलं, दुसऱ्याच्या ताटातलं, गोड पेय, तळणाचं तेल, मद्य हेही लिहा. एक छोटा चमचा तेल म्हणजे साधारण ४० कॅलरी. इथे कॅलरीसाठी नाही, पण स्निग्ध जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून त्याची नोंद हवी.

न खाल्लेलं जेवणही लिहायचं. 'दुपार: काही नाही, भूक ०' ही ओळ या वहीतली सगळ्यांत मोलाची नोंद आहे. जागा कोरी सोडलीत तर आठवड्याने कळणार नाही की खाल्लं नव्हतं की लिहिलं नव्हतं.

प्रथिनांचा हिशेब

वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, स्नायूही जातात. खाणं जितकं अचानक कमी आणि प्रथिनं जितकी तुटपुंजी, तितकं स्नायूंचं नुकसान जास्त. वजन उतरवताना दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं असा आकडा बरेच आहारतज्ज्ञ देतात. वजन खूप जास्त असेल तर तो सध्याच्या वजनावर न लावता गाठायच्या वजनावर लावतात. म्हणजे ७० किलो धरले तर १.२ ने ८४ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा स्वतःच्या मनाने घेऊ नका, डॉक्टरांकडून लिहून घ्या.

हिशेबाला ढोबळ आकडे पुरतात. एक अंडं ६ ग्रॅम, २५० मिलीलीटर दूध ८, १०० ग्रॅम शिजलेलं चिकन ३० च्या आसपास, साधं दही १०० ग्रॅमला साडेतीन-चार, पाणी गाळलेलं घट्ट दही १०० ग्रॅमला ९ ते १०. शिजलेल्या कडधान्यांच्या एका वाटीत, वाटीच्या आकारानुसार, १० ते १५.

आता वरच्याच पानाची दुरुस्ती करून बघू. सकाळी एका अंड्याऐवजी दोन: १४. कॉफीऐवजी ग्लासभर दूध: ८. दुपारी भाताआधी चिकन खायचं. पाच घासांत दडपतं तर ते पाच घास चिकनचे असू देत, ७० ग्रॅम जातं आणि थोडा भातही: २२. संध्याकाळी त्याच वाटीत घट्ट दही: १५. रात्रीच्या सुपात एक अंडं फेटून: ९. बेरीज ६८. पोटात गेलेलं अन्न फार वाढलेलं नाही, जेवणाच्या वेळाही त्याच. ८४ अजून दूर आहेत, पण ३२ चे ६८ झाले, आणि ते सुचलं केवळ काय उरलं आणि काय आधी खाल्लं हे लिहिलेलं होतं म्हणून.

ताटात प्रथिनं पहिली, मग भाजी, मग भात किंवा ब्रेड. जोडीला स्नायूंना काम देणारा व्यायाम लागतोच. वहीत आठवड्यातून दोनदा तरी 'वजन उचललं' किंवा 'उठाबशा' अशी ओळ दिसायला हवी.

पाणी, तंतू आणि शौच

ही ओळ लिहायला लोक लाजतात आणि मग तक्रार घेऊन धावतात. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १,९६१ जण होते आणि ती ६८ आठवडे चालली. औषध घेणाऱ्यांपैकी साधारण ४४ टक्के लोकांना कधी ना कधी मळमळ झाली, २३ टक्क्यांना बद्धकोष्ठता. त्यामुळे लिहा: झालं का, कडक की सैल, जोर लागला का.

भुकेबरोबर पाणी प्यायची आठवणही मागे पडते, आणि अन्नातून मिळणारं पाणीसुद्धा कमी होतं. सकाळी भरलेली बाटली टेबलावर ठेवा आणि ती रिकामी झाली की वहीत एक रेघ मारा. लघवीचा रंग गडद असेल तर तेही लिहा. जेवताना घटाघट पाणी प्यायल्याने अनेकांना गच्च होतं. त्यांनी जेवणाच्या मधल्या वेळात घोटघोट प्यावं. तंतूंसाठी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम हे उद्दिष्ट चांगलं आहे, पण एकदम उडी नको. पाणी न वाढवता नुसते तंतू वाढवले तर कोंडी आणखी घट्ट होते.

त्रासाची नोंद, आणि माझी फसगत

त्रास ० ते ३ मध्ये लिहा. १ म्हणजे जाणवला, २ म्हणजे खाणं किंवा काम थांबलं, ३ म्हणजे उलटी झाली किंवा आडवं व्हावं लागलं. वेळ हवीच. मळमळ, जळजळ, आंबट ढेकर, पोट गच्च, जुलाब, चक्कर, यांतलं काय ते नीट लिहा. 'पोट बरं नाही' या शब्दांवरून पुढे काहीच कळत नाही.

आता तो किस्सा. एका इ३ ला सकाळी नाश्त्यानंतर मळमळ २. नाश्त्याला अंडी होती, मी अंड्यांवर काट मारली. पुढच्या आठवड्यात इ२ ला पुन्हा सकाळी मळमळ २, आणि त्या दिवशी नाश्त्याला नुसता टोस्ट. मग दोन्ही पानांच्या मागचं पान उलटलं. दोन्ही आदल्या रात्री उशिरा, साडेनऊनंतर तळलेलं जेवण, 'नंतर ९'. अंडी बिचारी निर्दोष होती. त्यांच्याबरोबर माझी दिवसाची बारा ग्रॅम प्रथिनं आठवडाभर उगाच गेली.

तेव्हापासून माझे नियम असे. त्रास झाला की मागच्या तीन खाण्यांखाली रेघ मारायची, फक्त शेवटच्या नाही. किती भरलं होतं तो आकडा पदार्थाइतकाच तपासायचा, कारण पुष्कळदा गुन्हेगार पदार्थ नसतो, शेवटचे चार जादा घास असतात. आणि एका वेळी एकच बदल करायचा, तोही दोन इंजेक्शनच्या फेऱ्या तसाच ठेवून. तेल, वेळ आणि दूध एकाच दिवशी बंद केलंत तर बरं वाटेल, पण कशाने ते कळणार नाही.

काही गोष्टी मात्र वहीत लिहून ठेवून रविवारची वाट बघायच्या नसतात. पोटात जोराचं, न थांबणारं दुखणं, विशेषतः पाठीकडे जाणारं. उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा डोळे पिवळे. पाणीसुद्धा पोटात न टिकणं, लघवी फार कमी होणं. साखरेच्या औषधांवर असताना घाम, थरथर, भोवळ. अचानक बदललेली नजर. अशा वेळी वही मिटा आणि ताबडतोब डॉक्टरांना गाठा.

औषध वेगळं असेल तर

ऑर्लिस्टॅट भुकेला हात लावत नाही. जेवणातल्या स्निग्धाचा साधारण ३० टक्के भाग ते पचू देत नाही. त्यामुळे तिथे वहीत मुख्य रकाना तेल-तुपाचा. स्निग्ध तीन जेवणांत सारखं वाटलं गेलं पाहिजे. एकाच जेवणात ओतलं की तेलकट शौचाची धावपळ. जेवण चुकलं किंवा त्यात स्निग्ध नव्हतं तर तो डोसही सोडतात, म्हणून प्रत्येक जेवणापुढे गोळीची खूण करा. अ, ड, ई, के या जीवनसत्त्वांची गोळी दिली असेल तर ती औषधापासून किमान दोन तास लांब, सहसा झोपताना. तिची वेळही लिहा.

सेमाग्लुटाइडची गोळी असेल तर पहिली नोंद जेवणाची नसते, गोळीची असते: रिकाम्या पोटी, थोड्याशा पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास काही नाही. फेंटरमिनसारख्या भूक दाबणाऱ्या गोळीवर झोप, छातीची धडधड आणि रक्तदाब यांना जागा द्या.

आठवड्याचा पाव तास

इंजेक्शनच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे इ७ ला, सात पानं एकत्र वाचा. प्रथिनं किती दिवस ठरल्याच्या जवळ गेली? किती जेवणं 'काही नाही' होती? त्रास कोणत्या दिवसांत गोळा झालाय? शौच किती दिवस झालं नाही? एवढे चार प्रश्न, आणि उत्तरांवरून पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल पानाच्या कडेला.

वजन रोज करत असाल तर रोजच्या आकड्यावर हसू-रडू नका. सात दिवसांची सरासरी काढून तीच मागच्या सरासरीशी ताडा. पाणी, मीठ, मासिक पाळी, न झालेलं शौच यांनी एकदोन किलो सहज इकडेतिकडे होतात. सरासरी भराभर उतरतेय आणि प्रथिनांचे आकडे केविलवाणे आहेत, हा आठवडा अभिनंदनाचा नाही, डॉक्टरांना फोन करण्याचा आहे.

डोस वाढला की पानावर आडवी जाड रेघ ओढा. सेमाग्लुटाइडचा डोस सहसा चार-चार आठवड्यांनी ०.२५ पासून वर नेतात, टिर्झेपॅटाइडचा २.५ पासून. रेघेच्या अलीकडची दोन आणि पलीकडची दोन आठवडे शेजारी ठेवली की नवा डोस झेपतोय की नाही ते दिसतं. डोस चुकला तर 'चुकला' असं लिहा आणि किती दिवस झाले ते मोजा. उशिरा घ्यायचा की सोडायचा याची मुदत प्रत्येक औषधाला वेगळी आहे, ती औषधासोबतच्या पत्रकात पाहा. लागोपाठ दोन चुकले असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना

चार महिन्यांची वही टेबलावर आपटू नका, कुणालाही ती वाचायला वेळ नसतो. एक पान तयार करा. माझ्या एका पानावर एवढंच होतं: 'डोस ०.५, सहा आठवडे. वजनाची सरासरी ३.१ किलो खाली. प्रथिनं सरासरी ५८, ठरलेली ८४. मळमळ इ२-इ३ ला, उशिरा आणि तेलकट जेवल्यावर. लवकर जेवल्यापासून १ च्या वर नाही. शौच तीन दिवसांआड. इ६ ला भूक ६ पर्यंत. प्रश्न: डोस आत्ताच वाढवायचा का, की आधी प्रथिनं आणि शौच सुधारू?' उत्तर मिळालं, थांबूया. आणखी चार आठवडे त्याच डोसवर काढले. शस्त्रक्रिया किंवा भूल द्यायची तपासणी ठरली असेल तर शेवटच्या इंजेक्शनची तारीख त्या डॉक्टरांनाही आवर्जून सांगा. जठरात अन्न राहिलेलं असू शकतं.

वही कधी मिटायची

पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झाला असेल तर आकड्यांची वही सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. आकडे चुकले म्हणून जेवण टाळावंसं वाटू लागलं, किंवा '० भूक' लिहिताना अभिमान वाटू लागला, तर आकडे बंद करा आणि फक्त 'काय' आणि 'कसं वाटलं' लिहा. तेही जड होत असेल तर वही ठेवून द्या आणि मदत घ्या.

बाकीच्यांनी पहिले तीन महिने रोज लिहावं. मग खाणं बसलं असेल तर आठवड्यातून तीन दिवस पुरतात: इ२, इ५ आणि एक सुट्टीचा दिवस. डोस बदलला, प्रवास किंवा आजारपण आलं, किंवा औषध बंद करायचं ठरलं की पुन्हा रोज. औषध बंद करताना तर नक्कीच. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या काही लोकांचा औषध थांबल्यावर वर्षभर पाठपुरावा केला गेला, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलेलं होतं. औषध थांबलं की भूक परतते, आणि ती कितव्या आठवड्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी परतली हे भुकेच्या रकान्यात उतरायला हवं. म्हणून तेव्हा नवी वही घ्यायची नाही, त्याच वहीत पुढचं पान उघडायचं, आणि औषधाआधीचा तो पहिला आठवडा लिहिलेला असेल तर त्या पानांना खूण लावून ठेवायची. भुकेचे आकडे आता त्यांच्याशी ताडायचे असतात.